या चुका टाळा: समोरचा कसा लढतो हे न बघता रिंगमध्ये उतरणं

"ताई, तो लढतच नव्हता. नुसता पळत होता."

हरून रिंगमधून खाली उतरलेल्या पोराच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की त्याने गमशील्ड काढायच्या आधीच काय ऐकायला मिळणार ते मला कळतं. ऐरोलीला संध्याकाळी पोरांना बॉक्सिंग शिकवायला लागून मला चौदा वर्षं झाली. त्याआधी मी स्वतः लढायचे. पोरं आपला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), आपला हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) घासूनपुसून लख्ख करतात आणि समोर कोण उभं आहे ते बघतच नाहीत. बॅग ठोकून ठोकून ही सवय लागते, कारण बॅग सरकत नाही, घुसत नाही, उलट मारत नाही. बाउटमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष लढतीत, मात्र दोन माणसांचे दोन खेळ एकमेकांत अडकतात. दोघांमधलं अंतर ज्याच्या मर्जीने राहतं, त्याच्याकडे निकाल झुकतो. ठोशाची ताकद त्यानंतर येते, हे माझं ठाम मत आहे.

खालच्या चुकांपैकी दोनांवर मी बरंच बोलणार आहे. त्या बघून बघून माझा जीव मेटाकुटीला आलाय.

पळणाऱ्याच्या मागे धावणं

ही पहिली. समोरचा उंच, पायाने हलका, लांबून जॅब मारून बाजूला होणारा. आपला पोरगा बुटका, दणकट, आत घुसून मारणारा. कागदावर ही लढत आपल्या पोराच्या बाजूची असते, कारण एकदा छातीला छाती भिडली की लांब हातांचा उपयोग संपतो. पण भिडायचं कसं? पोरगा सरळ रेषेत त्याच्या मागे जातो. तो गोल फिरतो, हा मागून गोल फिरतो, आणि प्रत्येक वळणावर नाकावर एक जॅब खातो. तीन मिनिटं संपतात. पाचही पंचांना एकच चित्र दिसतं: एक जण मारतोय, दुसरा मागे मागे जाऊन खातोय. मग खाली येऊन "पळत होता" म्हणायचं. तो पळत नव्हता, बाळा. तो त्याचा खेळ खेळत होता आणि तू त्याला खेळू दिलास.

मी हे इतक्या खात्रीने सांगते, कारण माझी स्वतःची एक अंतिम लढत अशीच गेली. वय एकोणीस. समोरची मुलगी माझ्यापेक्षा वीतभर उंच. मी तिन्ही राउंड तिच्या मागे चालत राहिले. कोपऱ्यातून सर ओरडत होते, "बाजूला पाय टाक, बाजूला!" आणि मला वाटत होतं, बाजूला गेले तर ती अजून लांब जाईल. हरले. घरी जाताना ठाणे स्टेशनपर्यंत सर काही बोलले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "उद्या सहाला कोपरीच्या मैदानात ये. ग्लोव्हज आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर वीस फुटांचा चौकोन आखला होता. रिंगचा आतला चौकोन साधारण तेवढाच, ६.१० मीटर. मला म्हणाले, हात पाठीमागे बांध. एका चपळ पोराला आत सोडलं आणि सांगितलं, याला फक्त पायांनी कोपऱ्यात आण. पहिला अर्धा तास मी कुत्र्यामागे धावणाऱ्या लहान पोरासारखी धावले. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. तो माझ्या उजवीकडे निघाला की मी त्याच्या मागे जायचं नाही, माझ्या उजवीकडे तिरका पाय टाकायचा. तो काठावरून मोठा फेरा मारतो, मी मधोमध राहून छोटं पाऊल टाकते. त्याला चार पावलं चालायला लागतात तिथे मला दोन पुरतात. चौकोन तेवढाच राहतो, त्याच्या वाट्याची जागा मात्र लहान होत जाते. याला रिंग कापणं म्हणतात. हे मी ठोशांच्याही आधी शिकायला हवं होतं.

हत्यारांचाही हिशेब आहे. तो तुमच्या उजवीकडे निसटत असेल तर उजव्या हाताने पोटात बसणारा हुक त्याची वाट अडवतो, डावीकडे निसटत असेल तर डावा हुक. डोकं हलतं, पोट फारसं हलत नाही. पहिल्या राउंडमध्ये पोटात बसलेले ठोसे तिसऱ्या राउंडमध्ये त्याच्या पायांत दिसतात.

आमच्या हॉलच्या फरशीवर आजही रंगाने आखलेला चौकोन आहे. नवीन पोरगा येतो आणि विचारतो, "ताई, स्पॅरिंग कधी?" स्पॅरिंग म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत. मी त्याला चौकोनात सोडते, हात मागे. काहींना हा पोरखेळ वाटतो आणि ते आठवड्यात दुसरीकडे जातात. तिथे पहिल्या दिवशी पॅड मारायला मिळतात, व्हिडिओ छान निघतो. जाऊ देत. महिन्याभराने परत येणारेही असतात.

कोणाला याचा मोठा दाखला हवा असेल तर ३० ऑक्टोबर १९७४ची किन्शासाची फोरमन-अली लढत पायांकडे लक्ष ठेवून बघा. जॉर्ज फोरमनला सगळे जड ठोशांसाठी ओळखतात. त्याने चाळीसच्या चाळीस लढती जिंकल्या होत्या, त्यांतल्या सदतीस नॉकआउटने. पण तो रिंगही सुरेख कापायचा. मुहम्मद अली तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. नाचत राहिलो तर फोरमनच्या एका पावलाला आपली दोन जातील आणि त्या उकाड्यात पाय संपतील, हे त्याला लवकर उमगलं. म्हणून तो दोरांवर गेला. जगाला ती युक्ती आठवते, ती का करावी लागली ते कोणी सांगत नाही.

अलीसारखं दोरांवर टेकणं

आता तीच युक्ती उचलायची चूक. अली दोरांना टेकून, कोपरं आवळून, हातांवर मार घेत राहिला आणि आठव्या राउंडला दमलेल्या फोरमनला पाडलं. ती लढत पंधरा राउंडची ठरलेली होती. तुमची तीन राउंडची आहे. तीन गुणिले तीन, नऊ मिनिटं. त्यात पहिली सहा मिनिटं हात चेहऱ्यासमोर धरून उभे राहिलात तर दोन राउंड गेले, आणि दोन राउंड गेले की बाउट जवळपास गेली. शिवाय अली तिथे नुसता मार खात नव्हता. दोरांवरून तो तोंडावर सरळ ठोसे मारत होता, गळामिठी मारून फोरमनची मान खाली दाबत होता. पहिल्या राउंडला तर जॅबशिवाय थेट उजव्या हाताने सुरुवात करून त्याने फोरमनला गोंधळवलं होतं.

हात खाली सोडून लढणाऱ्यांचंही तसंच. आपल्याकडे अखिल कुमार गार्ड खाली ठेवून लढायचा. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्याने त्या वेळच्या विश्वविजेत्या सर्गेई वोदोप्यानोवला असंच हरवलं, आणि अख्ख्या देशातल्या पोरांनी हात खाली सोडले. पुढच्याच फेरीत, उपांत्यपूर्व फेरीत, तोच अखिल हरला हे कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याच्याकडे नजर होती, कंबर होती, वर्षानुवर्षांचा अनुभव होता. तिसऱ्या महिन्यातल्या पोराकडे यातलं काय असतं? हनुवटी असते, तीही उघडी.

"ताई, माझी स्टाइल कोणती?" हा प्रश्न मला दर बॅचमध्ये कोणीतरी पहिल्या आठवड्यात विचारतंच. मी सांगते, वर्षभर तुला स्टाइल नाही. तुला स्टान्स (उभं राहायची ढब) आहे, जॅब आहे आणि पाय आहेत. स्टाइल हाडांच्या लांबीतून, दमातून आणि स्वभावातून हळूहळू उगवते. शांत पोरगा वाट बघून उलट मारायला लागतो. तापट पोरगा घुसतो. मी फक्त त्याच्या वाटेतले दगड काढते. ज्यांना हे ऐकून घ्यायचा धीर नाही, त्यांना मी थांबवत नाही.

डावखुऱ्यासमोर रोजचंच खेळणं

ही माझी दुसरी दुखरी नस.

घणसोलीचा एक पोरगा होता, माझ्या हाताखाली तयार झालेल्यांत सगळ्यात देखणा जॅब असलेला. जिल्ह्याला दोन लढती सहज जिंकला. तिसऱ्या लढतीला समोरचा डावखुरा निघाला. उजवा पाय पुढे, उजवा हात पुढे. पहिली बेल वाजली आणि माझा पोरगा एकदम आंधळा झाल्यासारखा झाला. त्याचा जॅब समोरच्याच्या पुढच्या हातावर आपटायला लागला. दोघांचे पुढचे पाय एकमेकांवर पडायला लागले. दोनदा तो अडखळला. आणि मग त्याने ते केलं जे मीच त्याला दोन वर्षं शिकवलं होतं: अडचणीत आलास तर आपल्या उजवीकडे सरक, म्हणजे समोरच्याच्या उजव्या हातापासून लांब जाशील. नेहमीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर हे बरोबर आहे. डावखुऱ्यासमोर तुम्ही चालत जाऊन त्याच्या डाव्या क्रॉसवर (मागच्या हाताच्या सरळ ठोशावर) तोंड ठेवता. पहिल्या राउंडला दोन स्टँडिंग काउंट (मार बसल्यावर पोरगा उभा असतानाच रेफरी आकडे मोजतो ते), दुसऱ्याला रेफरीने लढत थांबवली.

पोरगा रडला नाही. पाणी पिऊन म्हणाला, "ताई, तो ठोसा मला दिसलाच नाही." मला त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या हॉलमध्ये तेव्हा एकही डावखुरा नव्हता, आणि मी त्याला एकदाही उलट्या स्टान्सच्या माणसासमोर उभं केलं नव्हतं. ती चूक शंभर टक्के माझी होती.

डावखुऱ्यासमोर काय बदलतं ते नीट समजून घ्या. तुमचा डावा पाय पुढे, त्याचा उजवा पुढे, म्हणजे दोन्ही पुढचे पाय आमनेसामने. सगळं भांडण त्या दोन पायांचं असतं. तुमचा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर पडला, तर तुमचा उजवा हात सरळ त्याच्या हनुवटीच्या रेषेत येतो आणि त्याचा डावा हात तुमच्या बाजूने हवेत जातो. त्याचा पाय बाहेर पडला तर हेच उलटं. म्हणून आपल्या डावीकडे सरकायचं, पाय बाहेर ठेवायचा, आणि जॅबवर कमी विसंबून उजवा क्रॉस आधी काढायचा. पुढच्या डाव्या हाताने जॅबऐवजी त्याच्या हातावरून हुक.

मॅनी पॅकियाओ आणि हुआन मॅन्युएल मार्केझ चार वेळा लढले: २००४, २००८, २०११ आणि २०१२. पॅकियाओ डावखुरा, वेगाने आत झेपावणारा. मार्केझ वाट बघून उलट मारणारा. पहिली लढत बरोबरीत सुटली, पुढच्या दोन्ही पॅकियाओला इतक्या थोडक्यात मिळाल्या की लोक आजही भांडतात. वर्षानुवर्षं दुसऱ्या कोणाला न जमलेलं मार्केझला जमत होतं, कारण पॅकियाओला झेपावायला आवडायचं आणि मार्केझला झेपावणारा माणूसच हवा असायचा. ८ डिसेंबर २०१२ला सहावा राउंड संपता संपता पॅकियाओ आत आला आणि मार्केझच्या उजव्या हातावर येऊन आदळला. तिथेच पालथा पडला. आमच्या हॉलमध्ये हा प्रसंग मी पोरांना फोनवर हळू करून दाखवते आणि विचारते, ठोसा सोडून दे, पाय कुठे आहेत सांग.

त्या पराभवानंतर मी एक नियम केला. हॉलमध्ये कायम निदान एक डावखुरं कोणीतरी असलंच पाहिजे. नसेल तर शोधून आणायचं. सध्या कोपरखैरणेची एक मुलगी येते, अठ्ठेचाळीस किलोची, डावखुरी. ताकदीवर लढायचं नाही, फक्त पाय आणि हलका स्पर्श, असं ठरवून मी तिला मोठ्या पोरांसमोर उभं करते. आधी ते लाजतात, दोन मिनिटांनी त्यांच्या नाकाला तिचा डावा लागतो आणि लाज संपते. मेरी कोमही डावखुरीच, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

घणसोलीच्या त्या पोराला पुढच्या वर्षी परत डावखुरा आला. परत हरला, तीन विरुद्ध दोन पंचांनी. पण पाय बाहेर होता. तिन्ही राउंड बाहेर होता.

ऐनवेळी स्टान्स बदलणं

तुम्ही डावखुरे असाल तर समोरच्याला तुमच्यामुळे होणारी अडचण तरी स्वतःच्या हाताने दूर करू नका. मार्व्हिन हॅगलरसारखा कसलेला डावखुरा ६ एप्रिल १९८७ला शुगर रे लेनर्डसमोर सुरुवातीला उजव्या स्टान्समध्ये लढला. ते राउंड लेनर्डने खिशात घातले आणि शेवटी लढत पंचांच्या दुभंगलेल्या निकालावर हॅगलरच्या हातून गेली. बारा राउंडमध्ये हॅगलरला ती चूक भरून काढता आली नाही, तीन राउंडमध्ये तुम्हाला कुठली येणार?

"मी त्याला हरवलं, त्याने याला हरवलं, म्हणजे मी याला हरवणार"

हा हिशेब ड्रॉ (कोणाची लढत कोणाशी, ती यादी) लागला की सगळे करतात, पालकही. बॉक्सिंगला तो लागू नाही. ८ मार्च १९७१ला जो फ्रेझियरने अलीला हरवलं, शेवटच्या राउंडला डाव्या हुकने खाली पाडून. २२ जानेवारी १९७३ला किंग्स्टनमध्ये फोरमनने त्याच फ्रेझियरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं. आणि फोरमनला अलीने पाडलं. तिघांचं वर्तुळ पुरं झालं. केन नॉर्टनने मार्च १९७३मध्ये अलीचा जबडा मोडून निकाल घेतला, आणि वर्षभराने फोरमनने नॉर्टनलाही दोन राउंडमध्ये संपवलं.

कारण उघड आहे. फ्रेझियर वाकून, डोकं हलवत, जॅबच्या खालून आत यायचा. उंच राहून लांबून खेळणाऱ्या अलीला ते जड जायचं. फोरमनसमोर मात्र वाकलेलं डोकं नेमकं त्याच्या अपरकटच्या, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाच्या, उंचीवर यायचं, शिवाय लांब हातांनी ढकलून फोरमन त्याला हव्या त्या अंतरावर उभं करायचा. जुने कोच हे दगड-कागद-कात्रीसारखं सांगतात: घुसणारा लांबून खेळणाऱ्याला भारी, जड ठोसेवाला घुसणाऱ्याला, लांबून खेळणारा जड ठोसेवाल्याला. सुरुवातीला समजायला हे ठीक आहे. पण त्यावर गाडी लावून ठेवू नका. ११ फेब्रुवारी १९९०ला टोकियोत तोवर अजिंक्य असलेल्या माइक टायसनला बस्टर डग्लसने दहाव्या राउंडला पाडलं, ते उंची आणि जॅबच्या जोरावर. टायसनच्या आत घुसण्याची वाटच जॅबने बंद करून टाकली होती. वर्गवारी टायसनच्या बाजूने होती, अंतर डग्लसच्या.

उंच आहे म्हणून आपोआप सुरक्षित समजणं

टोकियो ऑलिम्पिकमध्ये लवलिना बोर्गोहाईनने उपांत्यपूर्व फेरीत ज्या तैवानच्या चेन निएन-चिनला हरवलं, तिच्याकडून ती आधी हरलेली होती. त्या दिवशी लवलिनाने अंतर राखलं, वाट बघून मारलं, ४-१ने जिंकली. उपांत्य फेरीत तुर्कीच्या बुसेनाझ सुर्मेनेलीने ते अंतर राहूच दिलं नाही आणि निकाल ०-५ लागला. तीच लवलिना, तीच उंची, पाच दिवसांचा फरक. उंच पोरांना मी आठवड्यातून एक दिवस फक्त जवळून लढायला लावते. त्यांना ते अजिबात आवडत नाही.

अभिमानापायी त्याचा खेळ खेळणं

जून १९८०मध्ये माँट्रियलला लेनर्ड रोबेर्टो दुरानशी अंगाला अंग लावून लढला, दुरानला हवं तसं, आणि हरला. पाचच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला तो हलत राहिला, फिरत राहिला, आणि आठव्या राउंडला दुरानने पाठ फिरवून लढत सोडून दिली. मित्रांनी बाहेरून "भिड ना!" म्हटलं की आमची पोरं भिडतात. मित्रांना राउंड मिळत नसतात. त्यांना हॉलच्या बाहेर ठेवा.

वर्षभर एकाच जोडीदाराशी स्पॅरिंग करणं

करू नका. त्याच्या सवयी तुम्हाला पाठ होतात आणि तुम्हाला वाटतं आपण सुधारलो. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे जवळच आहे, दुसऱ्या हॉलच्या सरांना फोन करा, ते नाही म्हणत नाहीत.

कोपऱ्यातून सहा गोष्टी ओरडणं

ही चूक आम्हा कोचांची. राउंड संपला की मिळतो एक मिनिट. पोराच्या कानात स्वतःच्या श्वासाचा आवाज भरलेला असतो. वडील एकीकडून, कोच दुसरीकडून, असिस्टंट तिसरीकडून. एका स्पर्धेत मी एका कोपऱ्यातून एका मिनिटात "जॅब मार", "घुस", "लांब राहा" हे तिन्ही ऐकलं. पोरगा स्टूलवर बसून तिघांकडे आळीपाळीने बघत होता.

मी आता पहिला राउंड संपेपर्यंत काहीच ओरडत नाही. समोरच्याचे पाय बघते: तो कुठल्या बाजूला निसटतो, मारल्यावर थांबतो की हलतो, दम लागल्यावर कुठे जातो. मग स्टूलवर बसलेल्या पोराला दोनच गोष्टी सांगते. कुठे उभं राहायचं, आणि कुठला हात आधी. उरलेला वेळ पाणी, टॉवेल आणि त्याचा श्वास.